एकेचाळीस माणसांचा एअर फ्रायर

"धनराजभाऊ, घरी माणसं किती?" एवढा एकच प्रश्न बाबूभाईंनी मला भर दुकानात विचारला आणि मी अडकलो.

बाबूभाईंचं सिंदेवाहीत इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मिक्सर, कूलर, मोटारपंप, लग्नाची लायटिंग, सगळं तिथे मिळतं आणि बिघडलं की तिथेच दुरुस्त होतं. त्या दिवशी मी एअर फ्रायर पाहायला गेलो होतो. नुसत्या गरम हवेवर, तेल जवळपास न लावता तळतो, असा त्या यंत्राचा दावा आहे. मी जरा ऐटीतच सांगितलं, तीन माणसं. मी, बायको दीपाली आणि माय.

"मंडईचे पावणे धरून का सोडून?" बाबूभाईंनी विचारलं.

आता आली का पंचाईत! आमच्या झाडीपट्टीत दिवाळी आटोपली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक आणि दोन्हींच्या मधे प्रत्येक घरी पंगत. सोयरे येतात, सोयऱ्यांचे सोयरे येतात, पोरगी पाहायला आलेले येतात, आणि पोरगी पसंत नसली तरी जेवून जातात. गेल्या मंडईत आमच्याकडे दोघे जण पोटभर जेवून, मायच्या पाया पडून गेले. ते कोणाचे कोण होते याचा शोध अजून चालू आहे. मी काउंटरला टेकून बोटं मोजू लागलो. बाबूभाई शांतपणे एका गिऱ्हाइकाला होल्डर देऊन आले, दुसऱ्याचा पंखा उघडून आले, तेव्हा कुठे माझी बेरीज झाली.

"एकेचाळीस," मी म्हणालो.

"एकेचाळीस माणसाचा कंपनी बनवतच नाई भाऊ," बाबूभाई म्हणाले. "दोन माणसाचा घेऊन जा. छोटा, भला, टिकाऊ. मी खरं सांगून राह्यलो."

माणूस खरं बोलतोय हे मला दिसत होतं. पण दोन माणसांचा घेऊन मी काय करणार होतो? मला यंत्र हवं होतं ते मंडईसाठीच, आणि त्यामागे माझा मामा होता.

मुखरूमामा मायचा धाकटा भाऊ. वडशाला राइस मिलमध्ये मुकादम होता, आता घरीच असतो. दर मंडईला सकाळच्या गाडीने येतो, ओसरीवर मायच्या समोर पाटावर बसतो, आणि मायने पहिला वडा मोडून स्वतःच्या तोंडात घातल्याशिवाय ताटाला हात लावत नाही. आईबाप गेले त्या वर्षापासूनचा हा त्यांचा नेम. वडाही मायच्याच हातचा, उडदाचा. दोन वर्षांपूर्वीची मंडई आटोपल्यावर मायच्या हृदयात चंद्रपूरच्या डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली आणि तळलेलं कायमचं बंद केलं. मायने एकदा बंद म्हटलं की बंद. गेल्या मंडईला तिने चाळीस जणांचे वडे तळले आणि स्वतः मात्र पंगतीत बसली नाही. "मले मनाई हाय, तू जेव," एवढंच भावाला म्हणाली. मामाने वरणभात खाल्ला. वड्यांना शिवलासुद्धा नाही. निघताना दारात चप्पल घालता घालता तो म्हणाला, "पुढल्या सालचं कोनाले मालूम, बाई."

ते वाक्य मायने वर्षभर जपून ठेवलं. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, मधेच कधीतरी म्हणायची, "मुखरू उपाशी गेला." मी म्हणायचो, वरणभात खाल्ला की. ती माझ्याकडे अशी पाहायची की मला माझ्या शिक्षणाची लाज वाटायची. दीपालीने एकदा सुचवलं, वाफवलेले वडे करू. माय म्हणाली, "वाफवला त तो वडा कायचा?" तेव्हा मी ठरवलं, या मंडईला माय समोर बसेल, वडा मोडेल, आणि मामा जेवेल. यंत्र आणायचंच.

आता मी नोकरीला आहे भात संशोधन केंद्रात. भाताचं एक वाण निवडायचं तर आमच्याकडे आठ-दहा वर्षं जातात. शेजारी शेजारी वाफे लावायचे, उंची मोजायची, लोंब्या मोजायच्या, वाऱ्याने आडवं पडतं का पाहायचं, आणि तुलनेला एक जुनं, खात्रीचं वाण लावायचं. मला दुसरी कुठली पद्धत येत नाही. मी घरी बसून सात एअर फ्रायरांचा तक्ता आखला. उंची, रुंदी, वजन, तापण्याचा कालावधी, आडवं पडण्याची शक्यता. तुलनेचं वाण म्हणून शेवटच्या रकान्यात लिहिलं: कढई. दीपालीने तक्ता वाचला आणि सांगितलं की सगळ्या रकान्यांत कढईच पुढे आहे. मी तो तक्ता मग तिला दाखवणं बंद केलं.

सल्ल्याला तोटा नव्हता. शेजारच्या आशाबाईंनी कुंपणावरून विचारलं, "हवेत तळते म्हनता, मंग तेल कुठी जाते?" मी म्हणालो, तेल घालायचंच नसतं. "घालाचंच नाई त वाचते कसं म्हनता?" मी तक्त्यात तेलाचा एक रकाना वाढवला. केंद्रातल्या एकाने सांगितलं, यात केलेलं खाल्लं की सांधे धरतात, कारण हवा पोटात जाते. दुसऱ्याने सांगितलं, सांधे सुटतात. दोघांनीही यंत्र पाहिलेलं नव्हतं.

खरी अडचण लिटरची. ही यंत्रं लिटरवर विकतात. चार लिटर, सहा लिटर, आठ लिटर. आता वडा काही लिटरमध्ये मोजत नाहीत. मी केंद्रातून धान मोजायची पायली आणली, मायला ताजे वडे करायला लावले आणि पायलीत रचून पाहिले. आधी सैल रचले, मग दाबून, मग हलवून. प्रत्येक मोजमाप तीनदा घेतलं, कारण शास्त्रात तीनदाच घ्यावं लागतं. तिसऱ्या फेरीपर्यंत वडे थंड झाले होते आणि त्यांतले काही मी मोजता मोजता खाल्ले होते, त्यामुळे आकडेवारीत थोडी गडबड आली. तरी निष्कर्ष निघाला. आठ लिटरमध्ये एका वेळी अठरा वडे. माणशी चार धरले तर एकेचाळीस माणसांना दहा फेऱ्या. सकाळी सातला सुरू केलं तर पंगत वेळेत बसते. बाबूभाईंनी पुन्हा एकदा दोन माणसांच्या यंत्राकडे बोट दाखवलं. मी आठ लिटरचा घेतला.

यंत्र घरात आलं तेव्हा माय स्वयंपाकघरात पाट टाकून त्याच्यासमोर बसली. मी माहितीपुस्तिका काढली. बहात्तर पानं होती आणि त्यांत मराठी सोडून जगातल्या बऱ्याच भाषा होत्या. पहिली चाचणी म्हणून मी पापड ठेवला आणि बटण दाबलं. तीन सेकंद यंत्र गुणगुणलं आणि सगळं घर गप्प झालं. पंखा थांबला, फ्रीज थांबला. कुंपणापलीकडे आशाबाईंची मालिकाही थांबली, कारण त्यांच्या मीटरची तार आमच्याच खांबावरून येते. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "झालं का तळून?"

विजेचा भार वाढवून घ्यायला मी कार्यालयात गेलो. तिथे निकेश नावाचा तरुण कारकून होता. मुलगा विनम्र, पण फॉर्मपुढे कोणाचं ऐकणारा नव्हता. त्याने यंत्रांची यादी पाहिली. पंखा होता, पंप होता, पिठाची गिरणी होती, विहिरीवरची मोटार होती. एअर फ्रायर नव्हता.

"हे कायमधी लिवू सर?" त्याने विचारलं. "हवा फेकते म्हनता त पंख्यात टाकू, का तापते म्हनता त हीटरमधी?"

"दोन्ही करतो," मी म्हणालो.

"दोन्ही कराची सोय नाई सर." त्याने विचार करून 'इतर' असं लिहिलं. मग पुढचा रकाना. "यंत्रावर किती मानसायचा सैपाक?"

मी सरकारी माणूस. सरकारी कागदावर खोटं लिहायला माझा हात धजत नाही. मी म्हणालो, एकेचाळीस.

निकेशने पेन खाली ठेवला. "मंग ही खानावळ झाली सर. धंद्याचं मीटर लागंल. पयले जागेची तपासनी." मी मंडई समजावून सांगितली. तो या भागातलाच, त्याला मंडई माझ्याहून जास्त माहीत होती. पण फॉर्ममध्ये मंडई नव्हती. शेवटी मार्ग काढावा तसं तो म्हणाला, "मी मंडईले तिकडं येनारच हावो. तवाच तपासून घेतो." बारा वर्षं सचोटीने नोकरी केलेला माणूस, खानावळवाला ठरून मी घरी आलो.

दीपाली हसली नाही, हे मी तिच्या मोठेपणाच्या यादीत लिहून ठेवलं आहे. ती गावातल्या शाळेत चौथीला शिकवते आणि चाळीस पोरांना एका नजरेत गप्प बसवते. तिने विजेलाही तसंच बसवलं. यंत्र चालू करायच्या आधी फ्रीज बंद, पंखा बंद, पंप बंद, इस्त्रीला हात लावायचा नाही. "घंटा झाली का मंगच चालू कराचं," असं मला बजावून ती मेन स्विचजवळ उभी राहिली. यंत्र चाललं. फ्यूज टिकला. मी तिच्याकडे पाहिलं आणि लग्न करताना आपण एकही तक्ता आखला नव्हता, तरी निवड इतकी चांगली कशी झाली, याचा मला अचंबा वाटला.

यंत्र चाललं, पण वडा काही होईना. पहिल्यांदा ठेवलेला पापड हवेने उडाला, वर तापलेल्या कॉइलला जाऊन चिकटला आणि जळाला. दुसऱ्या दिवशी उडदाचं पीठ थापून ठेवलं, ते जाळीतून खाली ओघळलं. तिसऱ्या दिवशी मी पीठ घट्ट मळायला लावलं. त्याचे जे झाले ते दिसायला वडेच होते. मैत्रीखातर बाबूभाईंनी एक खाल्ला. बराच वेळ त्यांनी तो गालात फिरवला आणि म्हणाले, "मजबूत हाय." व्यापारी माणसाने यंत्राची याहून जास्त स्तुती करू नये, असं मला वाटलं.

मी रोज वहीत नोंद करत होतो. तापमान, वेळ, निकाल. निकालाच्या रकान्यात तीनदा 'अयशस्वी' लिहून झालं आणि मंडईला एक दिवस उरला. तीन दिवस माय त्या पाटावर बसून यंत्राकडे पाहत होती. मी पुस्तिका वाचत होतो तेव्हा ती वरच्या झाकणाजवळ हात नेत होती, मग बाजूला, मग खाली. मला वाटलं, बिचारीची आशा सुटली. माझीही सुटली होती. मंडईच्या आदल्या संध्याकाळी मी तिला सांगितलं, "माय, नाई जमलं मायाच्यानं." ती म्हणाली, "सकाळी बांधीवरून पळसाची पानं आनजो. ताजी, कवळी नोको." देवाच्या पत्रावळीला हवी असतील म्हणून मी सकाळी धानाच्या बांधावरून वीस पानं तोडून आणली आणि तिच्यापुढे ठेवली.

मामा सकाळच्या गाडीने आला. गेल्या वर्षापेक्षा बारीक दिसत होता. "वाळला काऊन रे?" मायने विचारलं. "वय झालं बाई," म्हणून तो ओसरीवर टेकला. अंगणात मोठी कढई चढली होती, दीपाली आणि आशाबाई वडे सोडत होत्या, नाटकवाल्यांची जीप भोंग्यावर ओरडत रस्त्यावरून जात होती. पाहुणे बसायला लागले. मामापुढे ताट आलं. वरण, भात, भाजी आणि कढईतले चार वडे, टम्म फुगलेले. मामाने हात मांडीवर ठेवला. समोरचा पाट रिकामा होता. वर्षभराची खटपट, सात यंत्रांचा तक्ता, आठ लिटर, आणि पुन्हा तेच ताट, तोच रिकामा पाट!

मी मायला शोधत स्वयंपाकघरात गेलो. ती यंत्रासमोर बसली होती. पळसाच्या पानांचे द्रोण तिने काडीने टाचले होते. एकेका द्रोणाला तेलाचं बोट फिरवलं होतं आणि त्यात पीठ घातलं होतं. दोन द्रोण यंत्रात ठेवून तिने मला सांगितलं, "बटन दाब. मास्तरीनबाईले म्हन, फ्रीज बंद कर."

"माय, हे काय?"

"अरे, पानगे करताना काय करतो? खाली पान, वर पान, आनि वरून गोवऱ्याचा जाळ. या डब्यातबी जाळ वरूनच हाय. मी हात लावून पायलं. मंग खालची जाळी कायले पायजे वड्याले? पान पायजे. आनि पीठ भारी हाय, थे काई पापडावानी उडत नाई."

मी बहात्तर पानं वाचली होती. आग वर आहे, हे जळालेल्या पापडाने मला दाखवलंही होतं. मायने हात धरून पाहिला आणि तिला कळलं. मी संशोधन केंद्रात बारा वर्षं आहे, मोठमोठी माणसं पाहिली आहेत, पण त्या क्षणी मला मायचं जेवढं कौतुक वाटलं तेवढं कोणाचं वाटलेलं नाही. मी बटण दाबलं. वीस मिनिटांत पानाच्या कडा काळसर झाल्या, घरभर पळसाचा वास सुटला, आणि द्रोणात वडा तयार झाला. वरून लालसर, खालून पानाच्या शिरा उमटलेला. त्याला वडा म्हणावं की पानगा, यासाठी माझ्या वहीत रकाना नव्हता. मी तिथे फक्त 'मायचा' असं लिहिलं.

माय दोन्ही द्रोण घेऊन ओसरीवर आली आणि मामासमोरच्या पाटावर बसली. तिने एका द्रोणातला वडा मोडला, फुंकर घातली आणि तोंडात टाकला.

"जेव आता," ती भावाला म्हणाली.

मामाने ताटातल्या वड्यांकडे पाहिलं. मग तिच्या द्रोणाकडे पाहिलं. "बाई, तुयातला दे."

"तुले कढईतले हायेत ना."

मामा खाली मान घालून ताटातला भात चिवडू लागला. सत्तरीला टेकलेला माणूस चोरी पकडली गेल्यावर जसा बोलतो तसा म्हणाला, "मलेबी मनाई हाय. तीन सालापासून."

मायने हातातला द्रोण खाली ठेवला. "तीन सालापासून? मंग माया समोर बसून खात काऊन होता?"

"तू समोर बसून मोडत होती ना. तुले नाई कसा म्हनू?"

"आनि मांगच्या साली शिवला नाई, थे?"

"मांगच्या साली तू बसलीच नाई," मामा म्हणाला. "म्या म्हटलं, सुटलो."

"आनि म्या सालभर रडली रे! मुखरू उपाशी गेला, मुखरू उपाशी गेला म्हनून! आनि तू तिकडं म्हनतं, सुटलो?" माय अशी चिडली की स्प्रिंग बसवणाऱ्या डॉक्टरने पाहिलं असतं तर त्याला स्वतःच्या कामाचा अभिमान वाटला असता. तिने मामाच्या ताटातले चारही वडे उचलले. नेमका त्याच वेळी फाटक उघडून, बगलेत फाइल घेऊन, निकेश अंगणात आला. मंडईच्या दिवशी आमच्या घरात शिरलेल्या माणसाला नाव विचारायची पद्धत नाही. दीपालीने त्याला पाटावर बसवलं, पुढे ताट ठेवलं आणि मायने ते चार वडे त्याच्या ताटात घातले. "सर, मी तपासनीले..." एवढंच तो बोलू शकला. पहिल्या घासानंतर त्याने तपासणीचा विषय काढला नाही. बेचाळिसावा माणूस भरला.

मग मायने दुसरा द्रोण मामापुढे सरकवला. मामाने वडा मोडला. पान सोडवून, शिरा उमटलेली खालची बाजू आधी खाल्ली आणि डोळे मिटले. दोघं बहीणभाऊ, एकमेकांवर रागावलेली, एकमेकांसमोर बसून जेवत होती. मी यंत्राकडे पळत होतो, दोन द्रोण काढत होतो, दोन ठेवत होतो. आठ लिटरच्या त्या मोठ्या पेटीत दोन द्रोण कोपऱ्यात बसले होते आणि बाकीची सगळी जागा रिकामी होती. मला बाबूभाईंची फार आठवण झाली.

जेवण आटोपलं. निकेशने हात धुतले, सुपारी घेतली आणि कर्तव्य आठवून फाइल उघडली. ओसरी पाहिली, कढई पाहिली, यंत्र पाहिलं. खानावळीची कोणतीच खूण त्याला सापडेना. मी त्याला समजावायला तोंड उघडलं, आकडेवारी माझ्याकडे तयार होती, पण त्याने मायकडे पाहिलं.

"बाई, तुमीच सांगा. या यंत्रावर जेवनारे किती लिवू?"

"दोन," माय म्हणाली.

"सरनं एकेचाळीस सांगतलं होतं."

"त्याले मोजता येत नाई. बाकीच्यायले कढई हाय. तू दोन लिव."

निकेशने एकेचाळिसावर रेघ मारली, वर दोन लिहिलं, आणि धंद्याचं मीटर खोडून घरगुती केलं. मग सही मागत म्हणाला, "फक्त ही मंजुरी एका सालाची राह्यते बाई. पुढल्या मंडईले फॉर्म परत भरा लागंल."

माय मामाकडे वळली. मामा द्रोणाला चिकटलेला शेवटचा कण नखाने काढून खात होता. मग ती पुन्हा निकेशकडे वळली.

"पुढल्या सालीबी दोनच लिवजो बापू," ती म्हणाली. "आताच लिवून ठेव."

आणि निकेशने, ज्याच्या फॉर्ममध्ये पुढल्या सालाचा रकानाच नव्हता, ते समासात लिहून घेतलं.